चाकांवरचं घर, इंटरनेट आणि दुसऱ्याची झोप

गेला महिनाभर हा विषय डोक्यात घोळतोय. दर शनिवारी लॅपटॉप उघडायचो आणि 'जाऊ दे, कशाला उगाच लोकांना शहाणपण शिकवा' म्हणून बंद करायचो. पण काल परत एका मित्राचा फोन आला. "अरे, तू आरव्ही घेऊन गेला होतास ना? आम्ही पण निघतोय. इंटरनेटचं काय केलंस? छतावर एक डिश ठेवली की झालं ना?"

म्हटलं, आता लिहायलाच हवं. कारण 'एक डिश ठेवली की झालं' असं मलाही वाटलं होतं. आणि त्याची किंमत मी नाही भरली. पुण्यातल्या एका माणसाने भरली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आरव्ही किंवा मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. अमेरिकेत हे भाड्याने मिळतं. आम्ही दोघं नवरा-बायको संगणकावर पोट भरणारे, राहायला बे एरियात. बेत असा की एकशेएक नंबरच्या हायवेने उत्तरेकडे रेडवुडच्या जंगलात जायचं. दोन दिवस रजा, तीन दिवस 'तिथूनच काम'. (एच-वन-बीवाल्यांनो, 'कुठूनही काम' करण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचारा. कामाची जागा हा त्या व्हिसात गमतीचा विषय नाही.)

मी त्या आठवड्यात ऑन-कॉल होतो. म्हणजे सर्व्हर आडवा झाला की पहिला फोन मला, आणि मी दहा मिनिटांत उचलला नाही तर पुढच्याला. तो पुढचा पुण्यात बसतो. "चार-चार कनेक्शन आहेत रे, काही होत नाही," असं मी मीटिंगमध्ये छाती काढून सांगितलं होतं. ती चार अशी: भाड्याने आणलेली उपग्रहाची डिश, माझ्या फोनचा हॉटस्पॉट, बायकोच्या फोनमधलं दुसऱ्या ब्रँडचं स्वस्त सिम आणि कॅम्पग्राउंडचं वायफाय.

गुरुवारी दुपारी दोन वाजता सर्व्हर आडवा झाला. आणि त्याच वेळी माझी चारही कनेक्शनं आडवी होती.

डिशच्या डोक्यावर रेडवुड. ही झाडं शंभर मीटरच्या वर जातात, आकाश म्हणजे फांद्यांमधली चार ठिगळं. फोनला एक दांडी रेंज, ती पण येऊन-जाऊन. बायकोचं स्वस्त सिम चालायचं माझ्याच नेटवर्कच्या टॉवरवर, म्हणजे दोन विहिरी खणल्या, पण झरा एकच. आणि कॅम्पग्राउंडचं वायफाय 'कनेक्टेड' दाखवत होतं, फक्त पान काही उघडत नव्हतं. अख्ख्या कॅम्पमध्ये एक लाइन आणि दुपारची वेळ, पोरं व्हिडिओ बघत बसलेली.

मला तर कळलंच नाही की काही झालंय. फोन शांत होता, आणि मी त्या शांततेचा आनंद घेत होतो! अडीचला सहज बघितलं तर एकही मेसेज आलेला नाही. तेव्हा पाल चुकचुकली. मग वीज काढा, पाण्याचा पाइप काढा, भांडी कपाटात कोंबा, आणि ते पंचवीस फुटी धूड हलवून हायवेला या. हायवेवर रेंज आली आणि फोन पाच मिनिटं नुसता वाजत राहिला.

माझ्याकडे दुपारचे दोन, तेव्हा पुण्यात रात्रीचे अडीच. त्याच्या घरी चार महिन्यांचं बाळ. त्याने उठून एकट्याने रोलबॅक केला होता. मी फोन केला तर म्हणाला, "झालं रे, चालतंय. तू बरा आहेस ना? इतका वेळ उचलेनास, म्हटलं गाडीला काही झालं की काय." मग जरा थांबून, "बाळ उठलं, एवढंच."

'एवढंच' हा शब्द मला त्या दिवसापासून टोचतोय.

तर आता भांडण. माझं भांडण तीन प्रकारच्या लोकांशी आहे. त्यातला एक प्रकार मी स्वतः होतो, म्हणून आवाज जरा जास्त चढला तर समजून घ्या.

पहिले, स्पीडवाले. आरव्हीचं इंटरनेट म्हटलं की ही मंडळी स्पीड टेस्टचा फोटो दाखवतात. अडीचशे एमबीपीएस! अरे बाबा, व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. मजकुराच्या टर्मिनलला तर त्याच्या शतांशातही भागतं. प्रश्न 'किती' हा नाहीच, प्रश्न 'केव्हा नाही' हा आहे. ज्या क्षणी हवं त्या क्षणी ते नसेल, तर बाकीच्या तेवीस तासांतल्या अडीचशेचं काय लोणचं घालायचं?

डिशचं उदाहरण घ्या. जुने इंटरनेटचे उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. निरोप वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर आणि खाली. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. स्टारलिंकचे उपग्रह पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून तो उशीर जवळपास नाहीसा होतो. हे खरोखर मोठं काम आहे, मी नाकारत नाही. ओसाड वाळवंटात ही डिश म्हणजे देवाची कृपा. पण इतक्या खालचे उपग्रह एका जागी उभे राहत नाहीत, ते आकाशातून धावत असतात, आणि डिश एकाचा हात सोडून दुसऱ्याचा पकडत राहते. मध्ये फांदी आली की काही सेकंद हात सुटतो. सिनेमा बघताना ते कळत नाही, कारण पुढचा सिनेमा आधीच उतरवून ठेवलेला असतो. कॉलला अशी साठवण नसते, पुढचं वाक्य अजून कुणी बोललेलंच नाही! म्हणून 'काल रात्री सिनेमा झकास चालला' हा पुरावा होऊ शकत नाही. मी याच पुराव्यावर गुरुवारची मीटिंग लावली होती. फोनच्या कॅमेऱ्याने आकाश दाखवून झाडं किती आडवी येतात ते बघायची सोय स्टारलिंकच्या ॲपमध्येच आहे. जागा ठरवण्याआधी दोन मिनिटं ते करायला काय होतं? मी केलं नव्हतं.

रेंजच्या दांड्यांचंही तेच. किती दांड्या म्हणजे किती रेंज हे प्रत्येक फोनवाला आपापलं ठरवतो. राउटरच्या पानावर खरे आकडे असतात ते बघा. आरएसआरपी उणे ८०-८५ डीबीएम असेल तर छान, उणे ११० च्या पलीकडे गेला तर रामभरोसे. आणि सोबत एसआयएनआर बघा, तो शून्याच्या खाली असेल तर दांड्या पाच असल्या तरी गोंगाटच जास्त आहे. आणि हो, 'बूस्टर घ्या' म्हणणाऱ्यांनी एक सांगायचं राहून जातं. बूस्टर सिग्नल मोठा करतो तसा गोंगाटही मोठा करतो, आणि बहुतेक बूस्टर एकाच वाटेने सिग्नल आत आणतात. त्यामुळे दोन-चार अँटेनांचा मिळून जो फायदा राउटरला मिळतो तो जातो. डेटासाठी बहुतेक वेळा छतावर चांगला अँटेना लावून वायर थेट राउटरला जोडणं बरं पडतं.

दुसरे, मोजणीवाले. म्हणजे मी. 'माझ्याकडे चार कनेक्शन आहेत.' गणित दिसायला सोपं आहे. समजा एक लाइन ९५ टक्के वेळ चालते, म्हणजे दिवसाला ७२ मिनिटं बंद. अशा दोन घेतल्या तर दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता पाव टक्का, म्हणजे दिवसाला साडेतीन मिनिटांच्या आसपास. वा! ७२ ची साडेतीन. पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवताना सरांनी एक शब्द फळ्यावर लिहिला होता, तो आपण सगळे विसरतो: 'स्वतंत्र'. दोन्ही लाइन एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच हा गुणाकार.

मुंबईकराला हे समजवायची गरज नाही. तुमच्याकडे सेंट्रलचाही पास आहे आणि हार्बरचाही. पण कुर्ल्याला पाणी भरलं की दोन्ही पास खिशातच. तुम्ही दोन पासचे पैसे भरलेत, रस्ता एकच घेतलाय.

अमेरिकेत देशभर पसरलेली मोठी मोबाइल नेटवर्कं तीनच: एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल. २०२० साली स्प्रिंट टी-मोबाइलमध्ये विलीन झाली तेव्हापासून असंच आहे. दुकानात ब्रँड मात्र डझनांनी. व्हिजिबल व्हेरायझनवर चालतं, क्रिकेट एटी अँड टीवर, मिंट टी-मोबाइलवर. सिम घेताना ब्रँड बघू नका, टॉवर कुणाचा ते बघा. एवढी एक ओळ मला आधी कुणी सांगितली असती तर पुण्यात एक बाळ झोपलेलं राहिलं असतं.

आणि 'मोठी कंपनी आहे, ती कशी बंद पडेल?' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन तारखा. २२ फेब्रुवारी २०२४: एटी अँड टीचं नेटवर्क बारा तास कोलमडलं. एफसीसीच्या चौकशी अहवालाप्रमाणे साडेबारा कोटींच्या वर उपकरणांना फटका बसला, नऊ कोटींहून जास्त कॉल अडले, आणि त्यात ९११ ला केलेले पंचवीस हजारांहून जास्त कॉल होते. कारण? नेटवर्क वाढवताना झालेली कॉन्फिगरेशनची चूक. २४ जुलै २०२५: स्टारलिंक जगभर अडीच तासांच्या आसपास बंद. कारण आतल्या सॉफ्टवेअर सेवा पडल्या. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनीच केलेली गडबड. ना वादळ, ना भूकंप. ज्या धंद्यात आपण आहोत त्या धंद्यातल्या माणसाने तरी 'एकच कंपनी पुरे' म्हणू नये.

म्हणून माझं आजचं मत, अगदी ठाम: फिरत्या घरात काम करायचं तर कमीत कमी एक वाट आकाशातून आणि एक जमिनीवरून हवी. जमिनीवरच्या दोन जमल्या तर त्या वेगवेगळ्या टॉवरच्या. झाडं आकाशाची वाट अडवतात, डोंगर टॉवरची. दोघांची दुखणी वेगळी आहेत, म्हणून जोडी जमते. कॅम्पग्राउंडचं वायफाय मोजायचंच नाही. मिळालं तर फुकटचा प्रसाद.

हे जोडल्यावरही काम संपत नाही. एक लाइन पडली की राउटर दुसरीवर जातो, पण तुमचा पत्ता बदलतो आणि चालू कॉल तुटतो. ते चालत नसेल तर दोन्ही लाइन एका बोगद्यातून नेणारं काहीतरी लागतं. स्पीडिफाय आहे, पेपलिंकच्या राउटरांत सोय असते. त्यात एकच पाकीट दोन्ही वाटांनी पाठवता येतं, जे आधी पोचेल ते खरं. डेटा दुप्पट जातो, पण वाक्य तुटत नाही. निव्वळ टर्मिनलवर काम असेल तर तेवढंही नको. वायरगार्ड पत्ता बदलला तरी बोगदा सोडत नाही, आणि मॉश नावाचं २०१२ पासूनचं फुकट अवजार आहे, रेंज गेली-आली तरी सेशन जिवंत ठेवतं. साधं एसएसएच मात्र मान टाकतं.

आणि वीज! हे सगळ्यात शेवटी आठवतं. मोठी डिश ७५ ते १०० वॉट खाते. आठ तास काम म्हणजे कमीत कमी ६०० वॉट-तास, म्हणजे शंभर अँपिअर-तासाच्या साध्या बारा व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीतून जेवढं काढावं तेवढं सगळं. वर फ्रिज, दिवे, पंप. छोटी मिनी डिश यात खूप बरी, ती साधारण त्याच्या एक तृतीयांशात भागवते आणि इन्व्हर्टरशिवाय थेट बारा व्होल्टवर चालते.

तिसरे, फसवणारे. यात दोन बाजू आहेत, विकणारे आणि घेणारे. विकणाऱ्यांचा आवडता शब्द 'अनलिमिटेड'. एफटीसी या सरकारी संस्थेने २०१४ साली एटी अँड टीवर खटला भरला, आरोप असा की 'अनलिमिटेड' घेतलेल्यांनी महिन्याला दोन जीबी इतका कमी डेटा वापरला तरी त्यांचा वेग कापला जात होता. २०१९ मध्ये सहा कोटी डॉलर देऊन ते मिटलं. आजही बारीक अक्षरात दोन गोष्टी शोधाव्या लागतात: हॉटस्पॉटला किती जीबीपर्यंत पूर्ण वेग, आणि गर्दी झाली की तुम्ही रांगेत कितवे. फोनवर अनलिमिटेड म्हणजे हॉटस्पॉटवर अनलिमिटेड नव्हे. स्वस्त सिमवाला बहुधा रांगेत मागेच असतो, आणि लाँग वीकेंडला राष्ट्रीय उद्यानाबाहेरच्या एकुलत्या टॉवरवर ती रांग म्हणजे गणपतीतल्या लालबागची.

आणि घेणारे काय कमी? हॉटस्पॉटचा डेटा फोनचाच वाटावा म्हणून टीटीएल बदलणारे जुगाडू आपल्यातच आहेत. मजा म्हणून ठीक. पण जो करार तुम्ही रोज मोडताय तो उद्या सकाळी न सांगता बंद झाला तर तक्रार कुणाकडे करणार? त्याच्या जोरावर टीमला 'मी आहे ना' म्हणू नका.

आता तुम्ही म्हणाल, "बाबा रे, एवढं सगळं करायचं तर फिरायला तरी कशाला जायचं?" अगदी बरोबर प्रश्न! मी इंटरनेट न्याच असं म्हणतच नाहीये. रजा टाका, फोन पिशवीत ठेवा, रेडवुडखाली पाय पसरून बसा. त्यासारखं सुख नाही, आणि त्या वेळी तुटलेलं इंटरनेट कुणाचंही काही बिघडवत नाही. माझा राग आहे तो मधल्या लोकांवर. रजा पण टाकायची नाही, आणि हजर पण राहायचं नाही. हिरवा दिवा लावून ठेवायचा आणि 'आवाज येतोय का, आवाज येतोय का' करत दिवस काढायचा. समुद्रकिनाऱ्यावर लॅपटॉप मांडीवर घेतलेले ते फोटो. उन्हात स्क्रीन दिसत तरी असेल का हो?

दुसरा आक्षेप पैशाचा. दोन लाइन म्हणजे दुप्पट बिल. हे ऐकायला पटतं, पण हे धूड गॅलनला दहाच्या आसपास मैल देतं. त्याच्या पेट्रोलचं आणि रात्रीच्या जागेचं भाडं मुकाट्याने भरणाऱ्याने एका महिन्याच्या दुसऱ्या सिमवर काटकसर करू नये. काटकसर नसतेच ती. ते बिल फक्त दुसऱ्याच्या नावावर फाडलेलं असतं. ज्याची झोप स्वस्त वाटते त्याच्या नावावर. आणि खरं सांगायचं तर साडेबारा तास पुढे असलेल्या माणसाची झोप इथे बसून फार स्वस्त वाटते. मी स्वतः पुण्यात दोन वर्षं त्या टोकाला होतो, रात्री-अपरात्री उठलोय, चडफडलोय. इकडे येऊन वर्षा-दोन वर्षांत विसरलो. याची मला जास्त लाज वाटते.

लोडशेडिंगच्या महाराष्ट्रात मोठे झालेलो आपण. आमच्याकडे संध्याकाळचे सात ते नऊ वीज जायची. आई सहालाच मेणबत्ती आणि काडेपेटी ओट्याच्या कोपऱ्यात काढून ठेवायची, अंधार पडल्यावर शोधत बसायची नाही. इंजिनिअर नव्हती ती, पण पर्यायी व्यवस्था कशाला म्हणतात ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून आता आमचा एकच नियम आहे. मुक्कामाला पोचल्यावर खुर्च्या बाहेर काढायच्या आधी चाचणी. कॉल लावायचा, तो चालू असताना डिशची वायर खेचायची. कॉल टिकला पाहिजे. मग डिश परत जोडून सिम बंद करायचं. तरी टिकला पाहिजे. नाही टिकला, तर दोनच रस्ते: जागा बदला, नाहीतर टीमला आत्ताच, दिवसाउजेडी सांगा की मी उद्या नाही, माझी पाळी कोण घेतं? पुढच्या ट्रिपला आम्ही नेवाडातून यूएस ५० ने गेलो. १९८६ साली लाइफ मासिकाने याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं होतं. नकाशा बघितला आणि त्या दोन दिवसांची सरळ रजा टाकली. काय सुंदर गेले ते दिवस!

पुण्याच्या त्या मित्राचा दिवाळीतला ऑन-कॉलचा आठवडा मी घेतला. तो म्हणाला, "अरे त्याची काय गरज." गरज होती.

असो. खूप लांबलं. मित्रा, तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर: नाही, एक डिश ठेवली की होत नाही.